तुम्ही विचारलंत म्हणून: रस्ता सोडून वावरात का?

गावाकडच्या लग्नात भेटणारा प्रत्येक जण हेच विचारतो. "अरे, चोपड्याच्या अलीकडे खाली एवढा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता होता, मग विमान वावरात का घातलंस?"

तर ऐका. इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत उतरतं. आमचं होतं चार सीटचं, एका इंजिनाचं. असं विमान १ किलोमीटर खाली येईपर्यंत साधारण ९ किलोमीटर पुढे जातं. आम्ही जमिनीपासून २००० फुटांवर होतो, म्हणजे हाताशी साडेपाच किलोमीटर आणि तीन मिनिटंसुद्धा नाहीत. नाक खाली करून वेग ६५ नॉटवर, म्हणजे ताशी साधारण १२० किलोमीटरवर धरला. घाबरून नाक वर ओढलं की वेग जातो आणि पंख विमानाला पेलत नाहीत. इंजिन पुन्हा चालू व्हावं म्हणून इंधनाचा कॉक, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), कार्बोरेटर हीट (बर्फ धरला असेल तर वितळवायला), मॅग्नेटो (ठिणगी देणारे), सगळं करून झालं. मला विमान शिकवणाऱ्या सरांनी रेडिओवर तीनदा 'मेडे', म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, म्हटलं.

रस्ता मलाही दिसत होता. पण त्यावर ट्रक, कडेला कडुलिंब आणि खांब. तारा वरून दिसत नाहीत. खांब दिसले की तारा आहेत असंच धरायचं.

सर पुण्याचे. म्हणाले, "ते हिरवंगार सपाट दिसतंय, तिथे घे."

"सर, ती केळी आहे."

माणसाहून उंच, पाण्याने टच्च भरलेली खोडं ती! शेजारचं वावर नांगरलेलं. ढेकळांत पुढचं चाक रुतलं की विमान उलटंच. त्यापलीकडे कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या. आणि त्यांना लागून एक फिकट पट्टा, हरभरा काढून मोकळं झालेलं वावर. मार्चमध्ये आमचंही असंच दिसतं. वेग कमी ठेवून उतरता यावं म्हणून पंखांमागचे फ्लॅप पूर्ण सोडले, मग इंधन आणि विजेचा मास्टर स्विच बंद. दारं आधीच उघडून ठेवली, चेपून अडकायला नकोत म्हणून. काळ्या जमिनीच्या भेगांवरून दात वाजवत गेलो आणि बांधाच्या वीसेक पावलं अलीकडे थांबलो.

कारण? टाकीत पाणी. निघण्याआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून बघतात, पाणी असेल तर ते खाली बसलेलं दिसतं. त्या सकाळी ते काम माझ्याकडे होतं आणि मी एकाच बाजूचं पाहिलं. लग्नात हे सांगत नाही.

वावराचे मालक धावत आले. "काय व्हयनं भाऊ?" आम्ही धड आहोत हे पाहून ते चाकांच्या खुणांवरून बांधापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, बरं झालं, हरभरा परवाच काढला.