बाहीवरची पट्टी आणि गाडीतली जागा : जर्मन स्वयंसेवी अग्निशमन दलात नव्याने येणाऱ्यांसाठी

अग्निशमन दल म्हटले की आपल्याकडे महापालिकेचे किंवा नगरपरिषदेचे पगारी खाते डोळ्यांसमोर येते. जर्मनीत चित्र जवळजवळ उलटे आहे. मी राहते त्या बव्हेरिया राज्यात व्यावसायिक अग्निशमन दल फक्त ७ शहरांत आहे: म्युनिक, न्यूरेम्बर्ग, आउग्सबुर्ग, वुर्झबुर्ग, रेगेन्सबुर्ग, इंगोलस्टाट आणि फ्युर्थ. इतर हजारो गावांत आणि लहान शहरांत ११२ क्रमांकावर फोन गेला की धावत येणारी माणसे म्हणजे तिथलेच सुतार, शिक्षक, शेतकरी, परिचारिका आणि संगणक अभियंते असतात. या दलाला ‘फ्रायविलिगे फॉयरवेअर’ म्हणतात. ते चालवणे ही गावाची कायदेशीर जबाबदारी आहे आणि त्यात दाखल होण्यासाठी जर्मन नागरिकत्वाची अट नाही. दिलेला हुकूम समजण्याइतकी भाषा मात्र आलीच पाहिजे.

मी या दलाचा गणवेश घालते हे कळल्यावर इथे नव्याने आलेली मराठी मंडळी नेहमी एकच प्रश्न विचारतात. तिथे कोणाला काय म्हणायचे, आणि पदांची ती लांबलचक नावे कशी लक्षात ठेवायची? हा प्रश्न मला फार योग्य वाटतो, कारण आपण ज्या वातावरणात वाढलो तिथे वयाचा मान, हुद्द्याचा मान आणि हुकूम देण्याचा अधिकार या तीन गोष्टी बहुधा एकाच माणसाकडे असतात आणि ‘साहेब’ या एका हाकेत तिन्ही सामावतात. इथे त्या तिन्ही वेगवेगळ्या ठेवलेल्या आहेत. ही विभागणी नीट समजली की बाकीचे पाठांतर सोपे होते.

पहिला संपर्क औपचारिकच असावा. दलाच्या प्रमुखाला, म्हणजे कोमांडांटला, ईमेल लिहिताना आडनावाने आणि ‘झी’ या आदरार्थी सर्वनामाने संबोधावे. कार्यालयात, बँकेत किंवा दवाखान्यात अनोळखी प्रौढ माणसाशी आपण तसेच बोलतो. मात्र सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी तो हात पुढे करून आपले पहिले नाव सांगेल आणि तिथून पुढे सगळ्यांशी ‘डू’, म्हणजे तू. अठरा वर्षांचा मुलगा आणि साठीला टेकलेला गृहस्थ एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. ज्या डॉक्टरांकडे आपण सकाळी ‘झी’ म्हणत तपासून घेतले, ते दलात असतील तर संध्याकाळी तेही ‘डू’च.

आपली जीभ इथे अडखळते, आणि ते स्वाभाविक आहे. केस पांढरे झालेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणे आपल्याला उर्मटपणाचे वाटते. तरीही माझा आग्रह आहे की दाखल झाल्यावर ‘झी’ला चिकटून राहू नये, कारण ते इथे आदर म्हणून ऐकले जात नाही, समोरच्याला वाटते की ही व्यक्ती आपल्यापासून अंतर ठेवू पाहते आहे. ज्यांच्यासोबत धुरात शिरायचे त्यांच्याशी अंतर नको, ही त्यामागची भावना आहे. सहकाऱ्याला ‘कामराड’ आणि सहकारी स्त्रीला ‘कामराडिन’ म्हणतात, पण हे शब्द भाषणांत आणि पत्रांत अधिक दिसतात. रोजच्या बोलण्यात नावच चालते. आदर दाखवायच्या रीती वेगळ्या आहेत. केंद्रात आल्यावर प्रत्येकाशी हस्तांदोलन करावे. मंडळी आधीच टेबलाभोवती बसलेली असतील आणि प्रत्येकापर्यंत जाणे शक्य नसेल तर टेबलावर बोटांच्या सांध्यांनी दोनदा ठोकले की सर्वांना नमस्कार पोहोचतो. आणि सर्वांत मोठा आदर म्हणजे वेळेवर येणे आणि हुकूम दिला जात असताना मध्ये न बोलणे.

आता हुकूम कोणाचा पाळायचा, हा खरा प्रश्न. कामगिरीवर जाताना पाहण्याची गोष्ट म्हणजे त्या वेळी कोणाकडे कोणते काम आहे. बाहीवरची पट्टी तिथे उपयोगाची नाही. जर्मन दलाचे मूळ एकक नऊ जणांचा गट आहे. गटप्रमुख ग्रुपेनफ्यूरर, गाडी आणि पंप सांभाळणारा माशिनिस्ट, निरोप्या मेल्डर आणि दोन-दोन जणांच्या तीन जोड्या: आग विझवायला किंवा माणसे बाहेर काढायला पुढे जाणारी आंग्रिफस्ट्रुप, पाण्याची जोडणी करणारी वासरट्रुप आणि नळ्या अंथरणारी श्लाउखट्रुप. प्रत्येक जोडीत एक जण प्रमुख, म्हणजे ट्रुपफ्यूरर, असतो. गाडीतली कोणती जागा कोणत्या कामाची हे ठरलेले आहे, त्यामुळे आपण जिथे बसलो तेच त्या दिवसाचे आपले काम आणि तेच आपले हाकेचे नाव. काल आंग्रिफस्ट्रुपचा प्रमुख असलेला माणूस आज नळ्या अंथरत असतो आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

सरावातला एक हुकूम जवळून पाहण्यासारखा आहे. गट गाडीसमोर उभा असतो. ग्रुपेनफ्यूरर आधी पाणी कुठून घ्यायचे ते सांगते, मग पाण्याचा विभाजक कुठे ठेवायचा ते, आणि नंतर एकाच वाक्यात उरलेले सगळे: “आंग्रिफस्ट्रुप, आग विझवण्यासाठी, श्वसनयंत्रासह, पहिली सी-नळी घेऊन, पहिल्या मजल्यावर, जिन्याने, फोअर!” कोण, कशासाठी, कशाने, कुठे, कोणत्या वाटेने, हा क्रम पक्का आहे आणि शेवटचा ‘फोअर’, म्हणजे पुढे, कानावर पडेपर्यंत कोणी जागचे हलत नाही. मग त्या जोडीचा प्रमुख तोच हुकूम मोठ्याने परत म्हणतो आणि जोडी निघते. या सगळ्यात ना नाव, ना हुद्दा, ना ‘कृपया’. नव्या माणसाला हे रुक्ष वाटू शकते, पण पंपाच्या आवाजात आणि शिरस्त्राणाच्या आतून जे ऐकू येते तेवढेच बोलायचे, हा त्यामागचा विचार आहे. हुकूम परत म्हणणे ही तर मला या पद्धतीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. चुकीचे ऐकले गेले असेल तर ते दारातच कळते, वरच्या मजल्यावर नाही.

माणसाच्या नावाला मात्र एका ठिकाणी फार महत्त्व आहे. श्वसनयंत्र लावून जाणाऱ्या जोडीवर बाहेरून लक्ष ठेवणारी व्यक्ती एका फलकावर त्या दोघांची नावे, आत जाण्याची वेळ आणि नळकांड्यातला हवेचा दाब लिहून घेते. तिने नाव विचारले तर ते स्पष्ट सांगावे, आणि आपले नाव इथल्या लोकांना उच्चारायला कठीण असेल तर त्याचे कोणते रूप फलकावर लिहायचे हे आधीच ठरवून ठेवावे. मोठ्या घटनेत अनेक गट एकत्र येतात तेव्हा एकंदर जबाबदारी असलेला आइनझात्सलायटर पिवळे जाकीट घालतो. आपण त्याला ओळखत नसलो तरी चालते. त्या जाकिटाचे ऐकायचे.

वायरलेसवर रीत पुन्हा बदलते, आणि नव्या माणसाला याचे सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. ज्याला आपण पाच मिनिटांपूर्वी ‘डू’ म्हणत होतो, त्याला वायरलेसवर नियमाप्रमाणे ‘झी’ म्हणायचे. शिवाय सौजन्याचे शब्द गाळायचे आणि व्यक्तीचे नाव किंवा हुद्दा अगदी आवश्यक असल्याशिवाय उच्चारायचा नाही. गाडीला बव्हेरियात ‘फ्लोरियान’, मग गावाचे नाव आणि क्रमांक अशी हाक असते. संत फ्लोरियान हे अग्निशामकांचे रक्षक संत असून त्यांचा दिवस ४ मे रोजी असतो. दोन या आकड्याला ‘त्स्वाय’ऐवजी ‘त्स्वो’ म्हणतात, कारण ‘त्स्वाय’ आणि ‘द्राय’, म्हणजे तीन, कानाला सारखे वाटतात. आपले बोलणे संपले आणि उत्तर हवे असेल तर शेवटी ‘कोमेन’ म्हणायचे.

एवढे आत्मसात झाल्यावर हुद्द्यांकडे वळावे. बव्हेरियात नव्याने आलेला माणूस फॉयरवेअरआनवेर्टर, म्हणजे उमेदवार, असतो. त्यानंतर फॉयरवेअरमान, ओबरफॉयरवेअरमान आणि हाउप्टफॉयरवेअरमान. मग ल्योशमाइस्टर आणि त्याच्या ‘ओबर’ व ‘हाउप्ट’ या दोन वरच्या पायऱ्या. शेवटी ब्रांडमाइस्टर आणि पुन्हा त्याच दोन पायऱ्या. हा क्रम पाठ करण्याची एक सोपी युक्ती आहे: नावे तीनच, आणि प्रत्येकाचे साधे, ‘ओबर’ आणि ‘हाउप्ट’ असे तीन स्तर. स्त्रियांसाठी फॉयरवेअरफ्राउ, ल्योशमाइस्टरिन आणि ब्रांडमाइस्टरिन अशी रूपे आहेत आणि ती आवर्जून वापरली जातात. प्रमाणपत्रावर माझ्या नावापुढे स्त्रीलिंगी रूप छापलेले पाहताना मला मनापासून समाधान वाटले.

हे हुद्दे प्रशिक्षण आणि सेवेची वर्षे दाखवतात. सर्वसाधारणपणे गटप्रमुखाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली व्यक्ती ल्योशमाइस्टर होऊ शकते आणि त्याहून मोठ्या तुकडीच्या प्रमुखाचा अभ्यासक्रम केलेली ब्रांडमाइस्टर. हे वरचे अभ्यासक्रम वुर्झबुर्ग, गेरेट्सरीड आणि रेगेन्सबुर्ग इथल्या राज्य अग्निशमन शाळांत होतात. म्हणून बाहीवर अधिक पट्ट्या असलेल्या सहकाऱ्याकडे शिकण्यासाठी जरूर जावे, पण त्या पट्ट्यांमुळे तो आपल्याला हुकूम देऊ शकतो असे समजू नये. शिवाय पट्ट्या दिसतात त्या समारंभाच्या गडद निळ्या गणवेशावर. आगीपाशी सगळ्यांच्या अंगावर सारखेच जाड संरक्षक कपडे असतात.

कोमांडांट हे पद हुद्द्यांच्या या शिडीवर नाही. दलातले सक्रिय सदस्य त्याला आपल्यातूनच गुप्त मतदानाने सहा वर्षांसाठी निवडतात आणि मग गाव त्या निवडीला मान्यता देते. गणवेशातल्या संघटनेत प्रमुखाची निवड हाताखालच्या माणसांनी करावी, ही गोष्ट मी घरी फोनवर सांगितली तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. मला स्वतःला ही व्यवस्था पटते, कारण ज्याच्या शब्दावर आपण जळत्या घरात शिरणार त्याच्यावरचा विश्वास आधी मोजला जातो.

आणखी एक भेद लवकर समजून घ्यावा. बहुतेक गावांत दलाच्या जोडीला एक संस्था असते, जिचे नाव जवळजवळ तेच असते आणि जिचा अध्यक्ष वेगळा असतो. उत्सव, वर्गणी, निवृत्त सदस्य, निधी हे त्याच्याकडे. आग, सराव आणि साहित्य कोमांडांटकडे. कामगिरीवर अध्यक्षाला त्या पदामुळे कोणताही अधिकार मिळत नाही, पण गावाच्या समारंभात त्याचे नाव विसरले तर लोकांना लागते.

गावाच्या वर जिल्ह्याची साखळी आहे: क्राइसब्रांडमाइस्टर, क्राइसब्रांडइन्स्पेक्टर आणि सर्वांत वर क्राइसब्रांडराट. यांच्याशी पहिल्या भेटीत पदनामासह, उदाहरणार्थ ‘हेर क्राइसब्रांडराट’, असे बोलावे आणि त्यांनी ‘डू’ सुचवले तर ते मोकळेपणाने स्वीकारावे. बहुतेक जण सुचवतातच. कार्यक्षमतेची परीक्षा, नोव्हेंबरातला युद्धमृतांचा स्मृतिदिन, नव्या गाडीचे आशीर्वचन अशा प्रसंगी मात्र कालपर्यंत नावाने बोलणारी माणसेही औपचारिक भाषेत बोलतात. अशा दिवशी नव्या सदस्याने रांगेत आपली जागा धरावी, टोपी शेजारच्यासारखी घालावी आणि शेजारचा करील तसे करावे, एवढे पुरते. रोजच्या व्यवहारात सॅल्यूट ठोकण्याची प्रथा नाही, एन.सी.सी.त वाढलेल्यांनी हात खाली ठेवावा.

बव्हेरियाबाहेर राहणाऱ्यांनी ही नावे जशीच्या तशी धरू नयेत, कारण अग्निशमन हा जर्मनीत राज्यांचा विषय आहे आणि प्रत्येक राज्याची पदे वेगळी आहेत. नॉर्डराईन-वेस्टफालनमध्ये ल्योशमाइस्टर नसून उंटरब्रांडमाइस्टर आहे; नीडरझाक्सनमध्ये गावच्या दलाच्या प्रमुखाला ओर्ट्सब्रांडमाइस्टर म्हणतात, त्यामुळे ‘ब्रांडमाइस्टर’ ऐकल्यावर तो हुद्दा आहे की पद हे विचारून घ्यावे लागते. नऊ जणांचा गट आणि त्यातली कामे मात्र देशभर त्याच नावांनी चालतात. म्हणून पहिल्या सरावाला जाण्यापूर्वी आधी ती नावे पाठ करावीत, आणि हुद्द्यांचा तक्ता आपल्याच दलाकडून मागून घ्यावा.