चुकांची वही आणि ली हुआला लिहिलेलं पत्र

2023 च्या गणपतीत एका रात्री साडेआठला माझ्या मावसभावाचा फोन आला. तो तेव्हा चीनमध्ये हेबेई प्रांतात एमबीबीएस करत होता, म्हणजे तिकडे अकरा वाजलेले, मला वाटलं पैसे लागलेत की तब्येत बिघडली, तर म्हणतो, "ताई, इंग्लिशमध्ये 'अ' कुठं लावायचा आणि 'द' कुठं लावायचा हे एका पोरीला कसं समजवायचं सांग की."

ती पोरगी त्याच्या शेजारच्या चिनी काकूंची, बारावीत गेलेली. काकू याला अधूनमधून जेवायला बोलवायच्या आणि हा तिला रविवारी तासभर इंग्लिश बोलायची प्रॅक्टिस द्यायचा. बोलणं ठीक चाललं होतं पण ग्रामर आलं की याची गाडी अडायची, आणि मी इथे सोलापुरात पूर्व भागात अकरावी-बारावीच्या इंग्लिशच्या ट्युशन घेते, म्हणून मला फोन.

मी त्याला जे सांगितलं तेच मी माझ्या पोरांना सांगते. आपण गोष्ट कशी सुरू करतो, "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." पहिल्यांदा 'एक राजा', मग 'तो राजा'. ऐकणाऱ्याला अजून माहीत नाही तेव्हा 'अ', माहीत झाला की 'द'. मराठीत आर्टिकल नाही असं आपण म्हणतो आणि ते खरंच आहे, पण ते काम करायची सोय आपल्या भाषेत आहे ना. भावाने तिला हे सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज, चिनीत पण अगदी असंच आहे म्हणे, 'ई गं' म्हणजे एक आणि 'ना गं' म्हणजे तो. यातून सगळं सुटत नाही, नद्यांना 'द' लागतो आणि तळ्यांच्या नावाला लागत नाही असल्या गोष्टी पाठच कराव्या लागतात, पण निम्मं भय जातं.

तिथून हे सुरू झालं. ती तिच्या वहीचे फोटो भावाकडे द्यायची, तो मला मेल करायचा, मी बघून परत पाठवायची. आणि खरं सांगते, तिच्या चुका बघून मी चाटच पडले कारण त्यातल्या निम्म्या माझ्या ट्युशनमधल्या पोरांच्या होत्या! 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट.' ही चूक मी इतकी वर्षं लाल पेनाने खोडत आले. आपण 'जरी पाऊस पडत होता तरी आम्ही गेलो' म्हणतो, जरी आहे म्हटल्यावर तरी पाहिजेच, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. चिनीतही तसंच, 'स्वेईरान' आलं की मागून 'तानश' येतं. इंग्लिशला मात्र दोन्हीतलं एकच चालतं. आपल्या पोरांना आपण 'रूल आहे, लक्षात ठेव' म्हणतो आणि पुढे जातो, पण ती चूक येते कुठून हे कोणी सांगतच नाही, आणि मला वाटतं तिथेच आपलं शिकवणं कमी पडतं.

अजून एक सांगते, हे मला फार आवडलं. 'काल दुकानात भेटलेली मुलगी' हे चिनीत शब्दाला शब्द याच क्रमाने येतं, काल, दुकानात, भेटलेली, मुलगी. 'भेटलेली'तल्या 'लेली'चं काम करायला तिकडे एक बारका शब्द असतो एवढंच. इंग्लिशमध्ये सगळं उलटं, मुलगी पुढे आणि मग बाकीची वरात मागून. त्यामुळे लांब वाक्य वाचताना चिनी पोरगं जिथे अडखळतं तिथेच आपलंही अडखळतं. मी आता पोरांना वाक्य शेवटाकडून मराठीत लावायला सांगते, त्याने रीडिंग सुधारलं, हे मी स्वतः बघितलंय.

सगळंच सारखं नाही हां. चिनीत क्रियापद बदलतच नाही, काल-आज-उद्या लावायचं आणि क्रियापद जागच्या जागी, त्यामुळे ती 'यस्टरडे आय गो' लिहायची, जे आपली पोरं सहसा लिहीत नाहीत. आणि बोलताना तो आणि ती दोन्हीला एकच शब्द 'था', लिहिताना अक्षर वेगळं पण आवाज एकच, त्यामुळे स्वतःच्या आईबद्दल बोलताना ती मध्येच 'ही' म्हणून जायची. भाऊ आधी वैतागायचा, मग कारण कळल्यावर गप्प झाला.

मग मी त्याला म्हटलं, त्यांचा पेपर पाठव की एक. त्याने 2023 चा गावकाओचा इंग्लिशचा पेपर पाठवला. गावकाओ म्हणजे त्यांची कॉलेज प्रवेशाची परीक्षा, दरवर्षी 7 जूनला सुरू होते, बहुतेक प्रांतांत एकूण 750 मार्क आणि त्यातले 150 इंग्लिशला. दोन तास. लिसनिंग 30, रीडिंग 50, मग गाळलेल्या जागा आणि ग्रामर मिळून 30, रायटिंग 40. मी दोनदा शोधलं पण पाठ्यपुस्तकातला एकही धडा नाही त्यात! आपल्या बारावीला 80 मार्कांचा लेखी पेपर, तीन तास, त्यात बराचसा भाग वर्षभर वाचलेल्या धड्या-कवितांवर, त्यामुळे पोरं गाईडमधून उत्तरं पाठ करून येतात. तिकडे सगळंच अनसीन. पहिला उतारा ॲम्स्टरडॅममध्ये सायकली भाड्याने देणाऱ्यांचा, माहितीपत्रकासारखा, दर किती, टूर किती तासांची. मग हळूहळू अवघड होत जातं. एका प्रश्नात उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात आणि खाली सात दिलेली, कुठलं कुठं बसतं ते ओळखायचं, दोन उरतात. याने पोराला मागचं-पुढचं वाचल्याशिवाय गत्यंतरच नाही. ग्रामरच्या दहा गाळलेल्या जागा पण सुट्ट्या वाक्यात नसतात, एका सलग उताऱ्यात असतात, 2023 ला तो श्याओलोंगपाओ नावाच्या रश्श्याच्या मोदकासारख्या पदार्थावर होता, त्याच्या आदल्या वर्षी पांडांच्या नॅशनल पार्कवर. म्हणजे स्वतःच्या ताटातली वस्तू परक्या भाषेत वाचायची. आपल्याकडे कोणी शेंगाचटणीवर ग्रामरचा उतारा घालेल तो दिवस मला बघायचाय.

आणि शेवटचा 25 मार्कांचा प्रश्न. एक अर्धी गोष्ट देतात, दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं देतात आणि पुढची गोष्ट साधारण 150 शब्दांत आपण लिहायची. त्या वर्षीची गोष्ट एका शाळकरी मुलाची होती, घरचे ब्राझीलमधून आलेले, इंग्लिश त्याची दुसरी भाषा, लिहायला आवडत नाही, आणि शिक्षक त्याला लेखनस्पर्धेत भाग घ्यायला सांगतात तर तो लगेच नाही म्हणतो.

मी झेरॉक्स काढून वर्गात वाटली. माझ्या ट्युशनला एक मुलगी होती, घरी तेलुगू, वडील पॉवरलूमवर, आई विड्या वळते, शाळा मराठी माध्यमाची, म्हणजे इंग्लिश तिची तिसरी भाषा. वर्गात कधी तोंड उघडायची नाही. धड्याखालची उत्तरं गाईडसारखी छापील लिहायची आणि स्वतःचं एक वाक्य लिही म्हटलं की पेन खाली ठेवायची. तिने ही गोष्ट दीड पान पुढे नेली. चुका होत्या, भरपूर होत्या, पण तिच्या गोष्टीत बक्षीस मिळाल्यावर तो मुलगा शिक्षकांना म्हणतो की घरी कुणाला वाचता येणार नाही म्हणून मी आईला ही गोष्ट आमच्या भाषेत सांगितली. मी ते वाचलं आणि थोडा वेळ वर्गात काही बोलूच शकले नाही.

त्या आठवड्यात मी चुकांची वही सुरू केली. ही कल्पना पूर्ण त्या चिनी मुलीची, तिकडे जवळजवळ प्रत्येक पोराकडे असते म्हणे. चुकलेला प्रश्न कापून वहीत चिकटवायचा, आपण काय लिहिलं होतं ते लिहायचं, का चुकलं ते स्वतःच्या शब्दांत, मग बरोबर उत्तर दुसऱ्या रंगात, आणि तीन-चार आठवड्यांनी उत्तर झाकून पुन्हा सोडवायचं. यातला 'का चुकलं' हा रकाना महत्त्वाचा. मी सांगितलं, तिथे मराठीत लिहा, तेलुगूत लिहा, कन्नडमध्ये लिहा, मला चालेल. आधी पोरं लाजली, चुका जपून ठेवायच्या म्हणजे काय, आपल्याकडे चुकलं की खाडाखोड करून पान फाडायची सवय. एका पालकांनी तर मला विचारलं की मॅडम हे बोर्डाला येणारे का. नाही येणार. पण मी ते बंद केलं नाही.

तिकडचं सगळंच चांगलं असं मला म्हणायचं नाही. ती पोरगी पहाटे उठून वर्गात मोठ्याने वाचायची आणि रात्रीचा अभ्यासाचा तास संपवून दहाच्या पुढे घरी यायची, भाऊ म्हणायचा तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही. अक्षर पण छापल्यासारखं गोल काढायची प्रॅक्टिस, कारण पेपर स्कॅन होऊन स्क्रीनवर तपासतात. एवढा ताण मला माझ्या पोरांवर नकोय.

आता ली हुआबद्दल. त्यांच्या पेपरात साधारण 80 शब्दांचं पत्र किंवा ई-मेल लिहायला येतं आणि त्यात बहुतेक वेळा सांगितलेलं असतं की तू ली हुआ आहेस असं समज आणि परदेशी मित्राला लिही. त्यामुळे चीनमधलं प्रत्येक पोरगं कधी ना कधी ली हुआ झालेलं असतं. भावाने तिला जेव्हा सांगितलं की माझी ताई सोलापूरची, तेव्हा त्याने नकाशा काढायच्या आत ती म्हणाली, ख दीहुआ! म्हणजे आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. 1910 साली सोलापुरात जन्मलेले, 1938 ला वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले, चिनी भाषा शिकून तिथल्याच लोकांत राहिलेले, आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच गेले, वय फक्त 32. ती शाळेबरोबर एप्रिलमध्ये शिजियाचुआंगला त्यांच्या समाधीवर फुलं वाहायला गेली होती. त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन, आणि ली हुआमधला हुआ पण तोच, हे तिनेच लिहून कळवलं. मी भैय्या चौकातल्या स्मारकावरून इतक्यांदा गेलेय, त्या दिवशी रिक्षा थांबवून उतरले.

मग मी वर्गात म्हटलं, ली हुआ नेहमी परदेशी मित्राला लिहितो ना, आता तुम्ही तो मित्र व्हा आणि ली हुआला उत्तर लिहा, 80 शब्दांत, गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेला बोलवा. जानेवारी चालू होता, सगळं डोळ्यासमोर. पण नंदीध्वज इंग्लिशमध्ये कसा सांगायचा? कोणी नुसतं 'फ्लॅग' लिहिलं, कोणी 'बिग स्टिक'. अर्धा तास आम्ही त्यावरच घालवला, सात आहेत, उंच आहेत, सजवलेले आहेत, माणूस कमरेला पट्टा बांधून तोलतो, आणि अक्षता सोहळा म्हणजे सिद्धेश्वरांचं लग्नच आहे हे कसं बसवायचं. श्याओलोंगपाओ लिहिताना त्या पोरांचं काय होत असेल ते तेव्हा समजलं.

सहा पत्रं स्कॅन करून पाठवली. त्यांच्या नवीन वर्षाच्या सुट्टीत, म्हणजे फेब्रुवारीत, बोर्डाच्या तोंडावर, त्या चिनी मुलीने ती तपासून परत पाठवली, लाल पेनाने, त्याच गोल अक्षरात. विड्या वळणाऱ्या आईच्या मुलीने लिहिलं होतं, 'ऑल्दो द पोल्स आर व्हेरी हेवी, बट द मेन नेव्हर फील टायर्ड.' 'बट'वर एक बारीक रेघ होती आणि शेजारी इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, माझ्या वहीत हीच चूक तिसऱ्या पानावर आहे.

मुलीने प्रिंटमधला तेवढा तुकडा कापून घेतला, वही उघडली आणि माझ्याकडे डिंक मागितला.