दुसऱ्या ठोक्यावरची टाळी

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या मॅक्लेमोर अव्हेन्यूवर टॅक्सीतून उतरलो. समोर जुन्या सिनेमा थिएटरसारखी पाटी: 'सोल्सव्हिल यू.एस.ए.' ही स्टॅक्स रेकॉर्ड्स या सोल संगीताच्या रेकॉर्ड कंपनीची जागा. इमारत मात्र ती नव्हे. मूळची १९८९ साली पाडली, आणि त्याच जागेवर तशीच पुन्हा बांधून २००३ मध्ये तिथे म्युझियम उघडलं. नक्कल बघायला एवढ्या लांब आलो का, ही कुरकुर मनात घेऊनच तिकीट काढलं.

स्टुडिओच्या खोलीत शिरलो आणि पाय जरा पुढे गेल्यासारखा झाला. जमीन उतरती! मुळात इथे सिनेमा दाखवत, म्हणून पडद्याकडे उतार. जिम स्टुअर्ट आणि त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी (दोघांच्या आडनावांतून 'स्टॅक्स') जागा भाड्याने घेतली, खुर्च्या काढल्या, पण जमीन सपाट करण्याइतके पैसे नव्हते. स्टॅक्सच्या आवाजात त्या उताराचाही वाटा आहे, असं जाणकार म्हणतात. पुन्हा बांधताना या लोकांनी उतारसुद्धा बांधून घेतला. माझी कुरकुर तिथेच संपली.

पुढे एका पडद्यासमोर बसलो तो तासभर उठलोच नाही. वॉटस्टॅक्स, म्हणजे स्टॅक्सने भरवलेल्या जंगी मैफलीचं चित्रण! २० ऑगस्ट १९७२, लॉस एंजेलिसचं कॉलिझियम, तिकीट १ डॉलर, लाखाच्या वर माणसं. स्टॅक्सचा गायक रूफस थॉमस मंचावर येतो. वय ५५, गुलाबी सूट, त्याला अर्धी चड्डी, पायात पांढरे उंच बूट. दुसऱ्या कोणी घातलं असतं तर हसं झालं असतं. कोंबडीसारखे पंख हलवत तो नाचायला लागतो, आणि लोक कठड्यावरून उड्या मारून थेट मैदानात. मग हाच माणूस ना पोलीस ना दरडावणी, नुसत्या गोड बोलण्याने सगळ्यांना परत जागेवर पाठवतो. छत्री घेतलेला एक गडी तेवढा मागे राहतो. त्याची रूफस जी काय फिरकी घेतो! आपल्याकडच्या सोंगाड्यांनी मान डोलावली असती.

मी टाळ्या वाजवत होतो. शेजारी नातीला घेऊन बसलेल्या आजींनी हळूच माझ्या मनगटाला हात लावला. "बेबी, एकवर नाही. दोन आणि चार."

आता आली का पंचाईत! आपला जन्म समेची वाट बघण्यात गेलेला. इथे चार ठोक्यांतला पहिला जाऊ द्यायचा आणि दुसऱ्यावर नि चौथ्यावर टाळी द्यायची. त्यातही स्टॅक्सवाले तो दुसरा-चौथा ठोका किंचित उशिरा टाकतात. १९६५ साली गायक विल्सन पिकेटचं 'इन द मिडनाइट अवर' इथे रेकॉर्ड होत होतं. न्यूयॉर्कहून आलेल्या निर्माता जेरी वेक्सलरने तेव्हा चालू असलेला 'जर्क' नाच स्वतः नाचून दाखवला, आणि ड्रम्सवरचा अल जॅक्सन नि गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर ठोका मागे ओढू लागले. म्हणजे मी चुकीच्या ठोक्यावर, तीही घाईघाईने, टाळी देत होतो. नात खुदूखुदू हसत होती.

रात्री लॉजवर लॅपटॉप उघडून स्टॅक्सच्या कलाकारांच्या १९६७च्या ओस्लोतल्या कार्यक्रमाचं चित्रण लावलं. कृष्णधवल. मागे बुकर टी. अँड द एमजीज: दोन काळे, दोन गोरे. वर्णभेदाने पोळलेल्या शहरातला हा बँड. पुढे गायक ऑटिस रेडिंग. 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' हळूच सुरू होतं, चढत जातं, तो आत निघून जातो, परत येतो, पुन्हा जातो. दर वेळी वाटतं, संपलं. तारीख ७ एप्रिल. आठ महिन्यांनी विमान अपघातात तो गेला, २६ वर्षांचा होता. मी लॅपटॉप बंद केला, पुन्हा उघडला, आणि या खेपेला दोन आणि चार नीट मोजले.

रविवारी सोल गायक अल ग्रीन यांच्या फुल गॉस्पेल टॅबरनॅकल या चर्चमध्ये गेलो. ते स्वतः त्या दिवशी नव्हते, पण ऑर्गन, ड्रम्स, गायकवृंद सगळं होतं. पहिली दोन गाणी मी एकही टाळी चुकलो नाही. पलीकडच्या काकांनी कौतुकाने मानही हलवली. तेवढ्यात ऑर्गनवाल्याने चाल बदलली, लय तीन-तीनच्या झोक्यात गेली, आणि मी मुकाट्याने हात खिशात घातले.