आत्याबाईंचा मोबाईल, लेकरं आणि तुरीच्या शेंगा

मागच्या येळवशीला, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या वेळ अमावस्येला, आम्ही सगळे औशाजवळच्या शेतात गेलो होतो. कडब्याची कोप, आंबिलाचं बिंदगं, भज्जी, उंडे, सगळं मांडलेलं. भावकीतली पोरं बोरीला दगड मारत होती आणि माझा सात वर्षांचा लेक कोपीमागं सावलीला मोबाईल घेऊन बसलेला. जेवायला चार हाका मारल्या, मान वर नाही. मला तिथंच भरून आलं.

घरी आल्यावर मोबाईलच्या सेटिंगमधलं, किती वेळ बघितला ते दाखवणारं 'डिजिटल वेलबीइंग' उघडलं. रोजचे चार तासांच्या वर! टीव्ही आणि आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, मोबाईल वेगळाच. धाकटी चार वर्षांची. मोबाईल समोर असल्याशिवाय ती घास घेत नव्हती. मी घास पुढं केला की तोंड उघडायचं, नजर गाण्यावरच. ताटात भात आहे का भाकरी, हेही तिला ठाऊक नसायचं.

लातूरच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं ठरवलेलं माप सांगितलं: दोन वर्षांखाली अजिबात नाही, दोन ते पाच वर्षांना जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहाला दोन तासांच्या आत. शिवाय झोपायच्या तासभर आधी सगळं बंद.

मी आधी मोबाईल हिसकावून धान्याच्या कोठीत लपवला. तीन दिवस घरात नुसती रडारड, आणि चौथ्या दिवशी मीच काढून दिला. ते चुकलंच.

मग यजमानांनी लेकाच्या मोबाईलवर वेळ ठरवून देणारं 'फॅमिली लिंक' ॲप टाकलं. वेळ संपली की मोबाईल लॉक होतो. आलेला फोन मात्र उचलता येतो. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद केलं, आणि त्याचा फार फरक पडला. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागत नाही, तेवढ्यात पोरगं भानावर येतं. मधेच बंद करायचं सोडून मी "हा संपला की ठेव" म्हणू लागले.

तरी लेकाचे तास कमी होईनात. तो आत्याबाईंचा मोबाईल घेत होता. मी चिडून बोलले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू डुटीवर जातीस. मी भाकरी थापायला बसले की ह्या दोघांला कुठं बसवू, सांग." प्रश्न खरा होता. आजवर मी तो त्यांच्या जागी बसून बघितलाच नव्हता. तेव्हापासून संध्याकाळी चुलीशेजारी लेकाच्या पुढ्यात तुरीच्या ओल्या शेंगांचं टोपलं आणि धाकटीच्या हातात पिठाचा गोळा. पहिले आठ दिवस जड गेले. शेंगा कमी सोलल्या, सांडल्या जास्त.

जेवताना सगळ्यांचे मोबाईल देवळीत ठेवायचं ठरलं. सगळ्यात अवघड यजमानांना गेलं, कारण मोंढ्यातल्या अडतीवरून सोयाबीनचा भाव विचारायला फोन रात्रीच येतात. आता ते जेवण उरकून मग फोन लावतात.

रविवारी अजून हिशोब चुकतो, आणि पाहुणे आले की चुकतोच. उन्हाळ्याच्या सुट्टीचं काय करायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

परवा धाकटीनं घास तोंडातून काढून ताटात ठेवला. म्हणाली, "ह्यात मेथी हाय. मला नको."