आमची वाटचाल : हिरवळ काढून प्रेअरी लावताना

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत आम्ही दोघं नवरा-बायको परसबागा करून देतो. बागेत झाडं लावतो ती प्रेअरीतली, म्हणजे इथल्या मूळ गवताळ माळावरची. सुरुवात मात्र २०११ साली हिरवळ कापण्याच्या कामाने झाली. गवताला खतपाणी द्यायचं, ते वाढलं की कापायचं, पुन्हा खतपाणी. पैसे वेळेवर मिळत. पण यवतमाळच्या शेतकरी घरातून आलेल्या मला त्यात काही राम वाटेना.

इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात. एके काळी इथे सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. चांगल्या अवस्थेतली आता त्याच्या हजाराव्या भागाइतकीही उरलेली नाही. १८३७ मध्ये जॉन डिअरने पोलादी नांगर घडवला आणि ही चिकट काळी जमीन लागवडीखाली जाऊ लागली. रंगाने ती आमच्याकडच्या रेगूरसारखी, पण रेगूर बेसाल्ट झिजून झाली आणि ही हजारो वर्षं गवताची मुळं कुजून. लाइल गावच्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात रे शुलेनबर्ग यांनी १९६२ पासून जुन्या शेतजमिनीवर पुन्हा उभी केलेली प्रेअरी बघितली, आणि आम्ही हिरवळ कापायचं यंत्र विकायला काढलं.

आमच्या कामातला कंटाळवाणा भाग सर्वांत महत्त्वाचा: जुनी हिरवळ मुळापासून मारणं. पुठ्ठे आणि लाकडाचा भुसा अंथरून आम्ही ती एक हंगाम झाकून ठेवतो. मग फूटभर अंतरावर छोटी रोपं. शेणखत, कंपोस्ट काहीही नाही. आपल्या मराठी गिऱ्हाइकांना हे अजिबात पटत नाही! पण कसदार मातीत ही झाडं उंच वाढून आडवी होतात. पहिल्या वर्षी वर फारसं काही दिसत नाही, सगळी धाव खाली असते. कंपास प्लांट या फुलझाडाची मुळं तर पंधरा फुटांपर्यंत जातात. म्हणून पहिल्या दोन वर्षांची निंदणी आम्ही करारातच धरतो. ती नको म्हणणाऱ्याचं काम घेत नाही.

आराखडा आखताना खरा विचार शेजाऱ्यांचा करावा लागतो. बिग ब्लूस्टेम हे प्रेअरीतलं गवत सहा-आठ फूट वाढतं. छोट्या परसात ते सरळ ‘रान माजलंय’ असं दिसतं. आम्ही लिटल ब्लूस्टेम आणि प्रेअरी ड्रॉपसीड ही बुटकी गवतं वापरतो. ड्रॉपसीड फुलोऱ्यात आलं की धण्यांचा वास येतो. मधे फुलझाडं: कोनफ्लॉवर, लिअ‍ॅट्रिस, मोनार्क फुलपाखरांच्या अळ्यांसाठी आपल्या रुईच्या कुळातलं मिल्कवीड. कडेने दगडाची रेघ आणि कापलेल्या गवताची पट्टी. एवढी कड असली की तक्रारी निम्म्याने कमी होतात, हा आमचा अनुभव.

राहिलेल्या तक्रारी घरमालक संघटनांच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरा-अंगणांचे नियम ठरवणाऱ्या मंडळांच्या. २०२४ मध्ये इलिनॉयने कायदा केल्यापासून त्यांना देशी झाडांवर सरसकट बंदी घालता येत नाही; बाग निगराणीत मात्र हवी.

वाळलेले दांडे हिवाळ्यात कापू नका, देशी मधमाश्या त्यांत घर करतात. वसंतात दीड फूट ठेवून छाटायला आम्ही येतो. नवी लावणी मे आणि सप्टेंबरमध्ये. आमची स्वतःची बाग बघायची असेल तर जुलैअखेर या, फोन करून.