लॅव्हेंडरचा वाफा: पहिला हिवाळा, पहिला बहर आणि छाटणी

मंडळी, आधी बातमी: हिवाळा सरला आणि वाफ्यातली सगळी रोपं तगली. जुलैत बहरही भरघोस आला.

आमचं घर दक्षिण लंडनमध्ये, माती पक्की चिकण. अशा मातीत इंग्लिश लॅव्हेंडर पहिल्याच हिवाळ्यात दगावतं, असं इथल्या जुन्या बागप्रेमींनी बजावलं होतं. दगावतं ते पाण्यामुळे. उणे १० अंशांपर्यंतची थंडी हे झाड सहज काढतं, कारण त्याचं मूळ घर भूमध्य समुद्राकाठच्या देशांतले कोरडे, खडकाळ डोंगर. मुळाशी साचलेलं गार पाणी मात्र त्याला अजिबात सोसत नाही. मुळं कुजतात आणि वसंतात झाड करडं होऊन बसतं. लंडनचा वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. पण पुण्यात तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. इथे बारा महिने रिपरिप, आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ऊन इतकं मंद की चिकणमातीला वाफसा म्हणून येत नाही.

त्यामुळे माझी सगळी मेहनत जमिनीखाली गेली. दक्षिणेकडच्या भिंतीलगत, जिथे उन्हाळ्यात सहा-सात तास ऊन मिळतं, तिथे मातीचा वीतभर उंच वरंबा केला आणि त्यात बारीक खडी सढळ हाताने मिसळली. वाळू मुद्दाम टाळली. चिकणमातीत थोडीशी वाळू घातली तर ती आणखीच घट्ट बसते. शेणखत, गांडूळखत काहीही नाही. सकस मातीत पानांचा पसारा वाढतो, फांद्या लुसलुशीत होऊन लोळतात आणि तुरे कमी येतात. मातीचा सामू (पीएच) ७च्या आसपास निघाला, म्हणून चुना घालावा लागला नाही. वरून खडीचा पातळ थर दिला, म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि ओल खोडाच्या बुडाशी राहत नाही.

जाती दोन: गडद जांभळ्या फुलांचा ‘हिडकोट’ आणि जरा फिकट, लवकर फुलणारा ‘मनस्टेड’. हिडकोट हे नाव ग्लॉस्टरशरमधल्या लॉरेन्स जॉन्स्टन यांच्या बागेवरून आलं, मनस्टेड हे सरेतल्या गर्ट्रूड जीकिल यांच्या बागेवरून. माझा कल हिडकोटकडे. वाळल्यावरही त्याचा रंग टिकतो.

आमच्या भागाला या झाडाचा जुना शेजार आहे. जवळच्या मिचमला अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लॅव्हेंडरची शेतं होती आणि तिथलं तेल नावाजलेलं होतं. आज बॅनस्टेडला जुलैत लॅव्हेंडरची शेतं बघायला गर्दी लोटते. तिथे खाली चुनखडीचा खडक आहे, पाणी झरझर निथरतं. आमच्याकडे तो खडक नाही, म्हणून हा वरंब्याचा खटाटोप.

तुऱ्यातली खालची थोडी फुलं उमलली की देठ कापायचे, सकाळी दव सुकल्यावर. सगळी फुलं उमलेपर्यंत थांबलं की वाळवताना दाणे गळतात. निम्मे तुरे मात्र भुंग्यांसाठी ठेवले. जुलैभर त्यांची नुसती रीघ होती! कीड म्हणाल तर रोझमेरी बीटल दिसला: हिरवा, चकचकीत, अंगावर जांभळे पट्टे. हाताने वेचला, फवारणी केली नाही. फुलावर आलेल्या झाडावर औषध मारणं मला पटत नाही.

आता छाटणीबद्दल, कारण लॅव्हेंडरचं आयुष्य इथेच ठरतं. फुलं ओसरली की ऑगस्टमध्येच कात्री चालवायची, म्हणजे थंडीआधी नवी पालवी निबर होते. नुसते सुकलेले तुरे खुडून भागत नाही. यंदाची हिरवी वाढही बरीचशी उतरवायची, पण प्रत्येक फांदीवर थोडी पानं शिल्लक राहिलीच पाहिजेत. खालच्या जून, तपकिरी लाकडात कात्री गेली तर तिथून बहुधा पुन्हा फुटवा येत नाही. दरवर्षी न चुकता छाटलं तर झुडूप गोल, आटोपशीर राहतं. सोडून दिलं की मधोमध उघडं पडतं आणि मग ते सुधारणं कठीण.

छाटणीतल्या बिनफुलाच्या फांद्यांचे बोटभर तुकडे घेऊन, खालची पानं काढून, खडी मिसळलेल्या मातीत टोचले आहेत. बियांपासून हिडकोट हुबेहूब येत नाही, म्हणून छाटकलमच बरं.

पुण्याहून बहीण विचारते, गच्चीवर लावू का? हे इंग्लिश लॅव्हेंडर नको, असंच मी सांगितलं. त्याला थंड हिवाळा हवा. भारतात ते जम्मूतल्या भद्रवाहच्या डोंगराळ भागात पिकतं, ते तिथल्या थंडीमुळे. पुण्यात दातेरी पानांचं फ्रेंच लॅव्हेंडर जास्त तग धरेल. मातीची कुंडी, भरपूर खडी आणि जून ते सप्टेंबर पावसाचा थेंब पडणार नाही अशी उजेडाची जागा.

कलमांना मुळं फुटायला महिना-दीड महिना लागेल. हिवाळाभर ती पत्र्याच्या आडोशाला, जवळजवळ कोरडी ठेवणार आहे. जमीन उबदार झाली की एप्रिलअखेर त्यांना फाटकापर्यंत ओळीत लावेन, दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवून.