अडली तर कुठे अडली, ते आधी बघा

एचपी २००एलएक्स हा खिशात मावणारा डॉस संगणक बाळगणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात: डेटाकॉम या त्यातल्या संपर्काच्या प्रोग्रॅममधून लॅपटॉपवर फाइल पाठवायला घेतली की मध्येच अडते, तर केबल खराब आहे का? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. केबलचा दोष क्वचितच असतो. फाइल छोट्या तुकड्यांनी, म्हणजे ब्लॉकांनी जाते; ती नेमकी कितव्या ब्लॉकला अडली, हा आकडा टिपून घ्या. निम्म्याहून जास्त वेळा कारण त्यातच सापडतं.

सुरुवात जोडणीपासून करू. २००एलएक्सच्या दहा पिनांच्या सॉकेटसाठी एचपीने दिलेली पीसी केबल आतूनच उलटी जोडलेली असते, म्हणजे इकडची पाठवायची तार तिकडच्या घ्यायच्या पिनेला जाते. तिच्यापुढे आणखी नल-मोडेम अडॅप्टर (तारा अशाच उलटवणारा जोड) लावलात तर उलट्याचं सुलट होतं आणि काहीच जात नाही. लॅपटॉपला यूएसबी-सीरियल अडॅप्टर लागेल, पण तो खऱ्या आरएस-२३२ चा, म्हणजे जुन्या सीरियल पोर्टच्या व्होल्टेजवर चालणारा हवा, नऊ पिनांच्या कनेक्टरवाला. मायक्रोकंट्रोलरसाठी मिळणारा ३.३ किंवा ५ व्होल्टचा छोटा बोर्ड इथे चालत नाही. आरएस-२३२ ची तार रिकामी असताना ऋण व्होल्टेजवर असते, त्या बोर्डाची धन. नशीब बरं असेल तर फक्त कचरा अक्षरं दिसतील, नाहीतर बोर्ड जाईल.

अडॅप्टरची परीक्षा सोपी आहे. नऊ पिनांच्या टोकाला २ आणि ३ नंबरची पिन एका तारेने जोडा, लॅपटॉपवर टर्मिनल उघडा, लोकल इको बंद ठेवा आणि टाइप करा. अक्षरं परत उमटली तर इथपर्यंत सगळं ठीक. मग केबल लावून दोन्ही बाजू ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशा ठेवा आणि दोन्हीकडून काहीतरी टाइप करून बघा. अक्षरं दोन्ही दिशांनी नीट जाईपर्यंत फाइलच्या वाटेला जाऊ नका. लॅपटॉपवरचं टाइप केलेलं मुळीच जात नसेल तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे वेगळ्या तारांवरून 'थांब' आणि 'पाठव' सांगण्याची सोय, बघा. मिनिकॉम या लिनक्सवरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये ते बहुधा चालू असतं, आणि घरी केलेल्या केबलीत तीनच तारा असतील तर 'पाठव' असं सांगणारी तारच नसते. बिचारा लॅपटॉप वाट बघत बसतो.

आता अडण्याची ठिकाणं. एक्समोडेम हा फाइल पाठवण्याचा जुना प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली पद्धत. त्याचा एक ब्लॉक १३२ बाइटचा: सुरुवातीची खूण, ब्लॉक नंबर, त्या नंबरचा पूरक आकडा (२५५ वजा नंबर), मग १२८ बाइट मजकूर आणि शेवटी चेकसम, म्हणजे ताळा. पहिल्या ब्लॉकचा नंबर १, म्हणून पूरक आकडा २५४. सात बिटांच्या जोडणीवर २५४ चं १२६ होतं. त्यामुळे कुठल्याही बाजूला ७ डेटा बिट राहिले असतील तर पहिला ब्लॉकच नाकारला जातो, फाइल अगदी साधा मजकूर असली तरी. आणि गंमत म्हणजे टाइप केलेली अक्षरं तेव्हा ठीक दिसू शकतात, कारण इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरतात.

दुसरं ठिकाण सतरावा ब्लॉक. बरोबर २०४८ बाइट पोचले आणि गाडी थांबली, तर सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल चालू आहे असं समजा. त्यात वेगळी तार नसते, हुकूम मजकुराच्याच तारेवरून जातात: १७ हा बाइट 'चालू कर' आणि १९ हा 'थांब' असा हुकूम मानला जातो, मजकूर म्हणून पुढे जातच नाही. सतराव्या ब्लॉकचा नंबर वाटेतच गिळला जातो, मग कितीही वेळा पुन्हा पाठवा. फाइल झिप असेल तर हे दोन बाइट मजकुरातही असतात, त्यामुळे ती त्याआधीच कुठेतरी अडते, पण दर वेळी त्याच ब्लॉकला. काही प्रोग्रॅम फाइल सुरू होताच फ्लो कंट्रोल आपणहून बंद करतात. एका दिशेने फाइल जाते आणि उलट दिशेने अडते, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

तिसरा प्रकार दर वेळी वेगळ्या जागी अडण्याचा. इथे वेग कमी करा. २००एलएक्सच्या सीरियल पोर्टला आलेले बाइट साठवायला रांग नाही. एक बाइट आला की पुढचा येण्याआधी तो उचललाच पाहिजे. ९६०० ला दोन बाइटांच्या मध्ये साधारण एक मिलिसेकंद मिळतो. १,१५,२०० ला ८७ मायक्रोसेकंद, म्हणजे ७.९१ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरची सातशेसुद्धा चक्रं नाहीत. १९,२०० वर समाधान मानावं असं माझं मत आहे. ९६०० ला सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट जातात, म्हणजे १०० किलोबाइटला दोन मिनिटांच्या आसपास. एक्समोडेम प्रत्येक ब्लॉकनंतर होकाराची वाट बघतो आणि यूएसबी अडॅप्टर तो होकार काही मिलिसेकंद अडवून ठेवतो, त्यामुळे वेग वाढवूनही वाटतो तितका वेळ वाचत नाही.

फाइल अजिबात सुरूच होत नसेल तर क्रम तपासा. एक्समोडेममध्ये सुरुवात घेणारा करतो: तो 'पाठव' अशी खूण साधारण दर दहा सेकंदांनी टाकत राहतो. आधी पाठवणारी बाजू तयार ठेवा, मग घेणारी सुरू करा. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर सी, सी, सी अशी अक्षरं येत असतील तर घाबरू नका, ती घेणाऱ्याची हाक आहे. त्या दिशेची तार ठणठणीत आहे, फक्त इकडे पाठवण्याची आज्ञा दिलेली नाही.

एक्समोडेम फाइलचं नाव नेत नाही, मापही नेत नाही. शेवटचा ब्लॉक अपुरा राहिला तर तो २६ या बाइटने भरून काढतो, म्हणून पोचलेली फाइल १२८ च्या पटीत असते. एक्सई फाइलला शेपटीचा त्रास होत नाही, मजकुराच्या शेवटी मात्र विचित्र चौकोन दिसतात. फोनबुकच्या पीडीबी किंवा अपॉइंटमेंटच्या एडीबी फाइलींसाठी मी हा प्रोटोकॉल वापरणार नाही. त्यांना कर्मिट हा दुसरा प्रोटोकॉल बरा, तो नाव आणि खरी लांबी दोन्ही सांभाळतो. फक्त दोन्ही बाजूंना बायनरी निवडा. टेक्स्ट ठेवलंत तर ओळींच्या शेवटच्या खुणा बदलताना तो डेटाबेसची वाट लावतो. आणि पाठवण्याआधी ते अ‍ॅप्लिकेशन बंद करा, उघडी फाइल अर्धवट लिहिलेली असू शकते.

फाइली पुष्कळ असतील तर एका झिपमध्ये बांधून पाठवा, पलीकडे झिपची चाचणी घेतली की प्रत्येक फाइलचा सीआरसी (चुका पकडणारा ताळा) आपोआप तपासला जातो. २००एलएक्सवर झिप सोडवणारा प्रोग्रॅमच नसेल तर तो आधी स्वतःच उलगडणाऱ्या एक्सई रूपात चढवा. फाइलचं नाव आठ अधिक तीन अक्षरांतच (टिंबाआधी आठ, नंतर तीन) ठेवा, आत डॉस ५ आहे.